पाचेवरचा केवडा

कसबा बावडा,
ता. ९ ऑक्टोबर १९५३

सौ. विमलावहिनी,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. दादाच्या नावावर होतं, पण त्याने ते न फोडताच माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तूच वाच आणि तूच काय ते लिही." म्हणून मी लिहिते आहे.

धोंडी बरी आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही चार वेळा तेच विचारलं आहे. दूधभात खाते. पहिले आठ दिवस दाराकडे बघून रडायची, आता कमी रडते. आधीची दोन मुलं गेली म्हणून हिचं नाव आपण धोंडुबाई ठेवलं, तशी ती धोंड्यासारखीच टणक आहे. काळजी करू नये.

नागपंचमीला पोरीला ठेवून घेऊन एकटीलाच माहेरी धाडलं आणि आता दोन महिने कोणी न्यायला येत नाही, माझं काय चुकलं, असं तुम्ही विचारता. तुम्हांला कोणी काहीच सांगितलं नाही हे मलाही बरोबर वाटत नाही. झालं ते क्रमाने लिहिते.

बेंदूर झाल्यावर आपल्या अत्तराच्या पाचेची पानं बिघडली, हे तुम्ही पाहिलंच होतं. हिरव्या पानावर पिवळट ठिपके, भेंडीवर केवडा पडतो तसे. पान लहान राहतं आणि कडेने वर वळतं. श्रावणाच्या तोंडावर अप्पांनी पाला तोडून सावलीत वाळवला आणि तेल काढायला डेग चढवली. वीस शेर सुक्या पाल्याला दर वेळी तीस तोळे तेल निघतं. ह्या वेळी अकरा निघालं. ते घेऊन अप्पा शाहूपुरीत निसारचाचांच्या अत्तराच्या दुकानात गेले. चाचांनी कापसाचा फाया त्यात बुडवून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी या म्हणाले. चांगल्या पाचेचा वास तिसऱ्या दिवशी खरा उतरतो. त्या दिवशी फाया अप्पांच्या नाकाशी धरून चाचा म्हणाले, "मास्तर, वरचा वास हाय, पर बूड न्हाय. ओलं पोतं हुंगल्यागत वाटतंय. हे मी कुणाच्या मनगटाला लावू?" तेवीस वर्षांत आपलं तेल पहिल्यांदा परत आलं.

अप्पा घरी आले आणि टोपी न काढताच त्यांनी मला विचारलं, "शिवायचं नसताना कोण वाफ्यात शिरलं होतं का?"

"वहिनी," मी म्हटलं.

"कधी?"

"बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी."

त्यांनी विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. ते खरं होतं. तुमचा तो दुसरा दिवस होता आणि तुम्ही वाफ्यातून गेलात, हे तुम्हीही नाकारणार नाही.

अप्पांचं म्हणणं असं आहे की वाफे नीट होईपर्यंत तुम्ही ह्या घरात पाऊल ठेवू नये आणि धोंडी इथेच राहावी. "पाच सुधारली की मी स्वतः जाऊन सुनेला आणीन," असं ते दादासमोर म्हणाले. तेव्हा ही काही कायमची गोष्ट नाही. दिवाळीला मात्र येऊ नये.

नंदिनी

•

कसबा बावडा,
ता. ४ डिसेंबर १९५३

सौ. वहिनी,

उत्तराला उशीर झाला. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

ऑक्टोबरात अप्पांनी सगळी पाच उपटली आणि तिच्याच फांद्यांचे नवे फाटे लावले. फाटे मीच निवडले. तुम्हांला ठाऊक आहे, मी पाचवीपर्यंत शाळा पाहिली नाही, अप्पाच माझी शाळा. ते माझ्या डोळ्यांवर फडकं बांधून नाकाशी एकेक पान चुरगळायचे. कुठल्या वाफ्यातलं, किती दिवसांचं, पाणी जास्त झालेलं की कमी, हे मी सांगायचं. चुकलं तर कोपरावर छडी. म्हणून अप्पा स्वतःपेक्षा माझ्या नाकावर जास्त विश्वास ठेवतात. उपटायच्या आधी मी रांगेने हुंगत गेले आणि ज्या झाडांचा वास सगळ्यांत उग्र होता, त्यांचेच फाटे घेतले. दोन दिवसांत तीनशे फाटे, एकाच वाकड्या चाकूने.

तीन आठवड्यांत नव्या पानांवर तेच पिवळे ठिपके आले. पहिल्यापेक्षा जास्त.

तुम्ही लिहिता, "मी माहेरी गगनबावड्याला चुलीपुढे ओली लाकडं फुंकत बसले आहे, माझा विटाळ तिथवर कसा पोचला? वन्सं, तुम्ही तरी सांगा." अप्पा म्हणतात, तो मातीत मुरला आहे. त्यांनी दोन गाड्या माती काढून नदीकाठी टाकली आणि वाफ्यांवर गोमूत्र शिंपडलं. तुमचा प्रश्न मला बरोबर वाटला, हे मी तुम्हांला कबूल करते. अप्पांना मी तसं म्हटलं नाही. त्यांना आजकाल जेवण जात नाही.

दुसरं तुम्ही लिहिता की, "मी वाफ्यात का शिरले ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं आहे." हो, बघितलं आहे. तुम्ही गोठ्यापाशी वेगळ्या बसला होता. धोंडी विहिरीच्या कठड्याकडे चालली होती आणि मधे वाफे होते. तुम्ही सरळ वाफे तुडवत धावलात आणि तिला झग्याला धरून मागे ओढलंत. एक पाय तिने कठड्यावर टाकला होता. हे सगळं मी बघितलं.

"का शिरली" असं अप्पांनी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या दुपारी धोंडी कुणाच्या ताब्यात दिली होती, हा प्रश्न आला असता. ती माझ्या ताब्यात होती. मी फाटे मोजत होते.

हे वाचून तुम्हांला राग येईल. येऊ द्या. पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

धोंडी माझ्याजवळ झोपते. आधी तुमचं निळं लुगडं घट्ट धरून झोपायची. अप्पांनी ते झाडलोट करणाऱ्या तानाबाईला देऊन टाकलं. आता माझा पदर धरते.

नंदिनी

•

कसबा बावडा,
ता. २१ फेब्रुवारी १९५४

सौ. वहिनी,

गेल्या महिन्यात निसारचाचा शेतकी खात्यातल्या एका साहेबांना घेऊन आले. साहेब माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी वाफ्यात बसून भिंगाने पानं पाहिली आणि म्हणाले, "हा व्हायरस आहे. ह्या भिंगातून तो दिसायचा नाही, पण झाडाच्या रसात असतो. रोगट झाडाचा फाटा लावला की नवं झाड जन्मतःच रोगी. रोगट झाड कापून त्याच चाकूने चांगलं झाड कापलं की तेही गेलं."

मी विचारलं, "मग तेल का कमी होतं?"

त्यांनी एक पान उन्हाकडे धरलं. म्हणाले, पान हिरवं असतं तेवढंच झाडासाठी अन्न करतं. पिवळा भाग नुसता बसून असतो. झाड अर्धपोटी राहतं, पान लहानच राहतं. लहान पानात तेलाच्या पिशव्या दाटीने येतात, म्हणून चुरगळलं की वास भसकन नाकात जातो. पण पानंच थोडी, म्हणून तेल थोडं. शिवाय जे तेल होतं त्यात हलका वास तेवढा असतो. कापडावर टिकणारा जड भाग उपाशी झाडाला करता येत नाही.

वास भसकन नाकात जातो, हे ऐकल्यावर मी नाकाशी धरलेलं पान खाली टाकलं. का ते तुम्हांला कळलं असेल.

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पावणं, चहा घ्या आणि निघा. माझ्या सुनेनं केलेलं वाटोळं तुमच्या भिंगात मावायचं न्हाय."

तानाबाई अंगण झाडत होती. ती मधेच म्हणाली, "मास्तर, माझी सून असल्या दिसांत धा येळा कोथमीर तोडती. आमची कोथमीर काय जळली न्हाय की."

"तुझी कोथमीर आणि माझी पाच एक हाय काय गं?"

"व्हय की. दोन्ही मातीतच येत्यात."

अप्पांनी तिला गोठ्याकडे हाकललं.

साहेब जाताना मी फाटकापर्यंत गेले आणि हे घरच्या घरी तपासून कसं बघायचं ते विचारून घेतलं. आता मी काय केलं आहे ते ऐका. निसारचाचांच्या परसात अप्पांनीच फार पूर्वी दिलेलं पाचेचं एक बेट आहे. ते स्वच्छ आहे, त्याला आपला चाकू कधी लागला नाही. त्याचे बारा फाटे मी बारा कुंड्यांत लावले. त्यांतल्या चार कुंड्यांना मी माझ्या स्वतःच्या शिवायचं नसलेल्या दिवसांत, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हात लावला. पानन् पान चोळलं, माती कालवली. दुसऱ्या चारांच्या पानांवर, पान किंचित खरवडलं जावं म्हणून, वस्त्रगाळ राख लावून आपल्या रोगट पाचेचा रस बोटाने घासला. तो मात्र इतर दिवसांत, आंघोळ करून. उरलेल्या चार तशाच ठेवल्या.

त्या तीन दिवसांत "मैत्रिणीकडे वेगळी बसते" असं सांगून मी घरातून निघत होते. चाचांच्या पत्नी हाफिजाचाची दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं, तुला शिवायचं न्हाय आणि तू हितं झाडं कुरवाळतीस? मास्तरांना कळलं तर सोलतील तुला!" मी कारण सांगितलं तशा हसल्या. "आमच्यात त्या दिवसांत नमाज पढत न्हाईत. झाडाझुडपांचं काय आम्हांला कुणी सांगितलं न्हाय बाई. लाव हात, किती लावायचा तो."

वीस दिवसांनी बघायचं आहे. तोवर तुम्ही दादाला पत्र लिहू नये. तो ती वाचत नाही, अप्पांच्या पाटावर ठेवून देतो.

नंदिनी

•

कसबा बावडा,
ता. २८ मार्च १९५४

सौ. वहिनी,

बाराही कुंड्या पाहिल्या. न शिवलेल्या चारांतली एक चाचींच्या कोंबडीने उकरली, ती मी धरत नाही. राहिलेल्या तीन चांगल्या आहेत. मी विटाळात हात लावलेल्या चारही चांगल्या आहेत. उलट त्यांतल्या एकीला सगळ्यांत मोठी पानं आली आहेत. रस घासलेल्या चारही कुंड्यांच्या नव्या पानांवर पिवळे ठिपके आहेत.

मी दोनदा जाऊन पाहिलं. दुसऱ्यांदा चाचींनाही दाखवलं, माझ्या डोळ्यांनी मला हवं तेच दिसत असेल म्हणून.

वहिनी, तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही. रोग आधीच एखाद-दुसऱ्या झाडावर असणार. मी उग्र वासाला भुलून रोगट झाडांचे फाटे निवडले आणि तोच चाकू सगळ्यांवर चालवला. हे आधीच्या लावणीलाही मीच केलं होतं आणि ऑक्टोबरातही. तुम्ही फक्त तुमच्या मुलीला विहिरीपासून ओढलंत.

हे मी स्वच्छ लिहून देते आहे. पत्र जपून ठेवावं. गुढीपाडवा झाला की मी अप्पांना सगळं सांगणार आहे, आणि मग तुम्हांला न्यायला ते स्वतः येतील.

नंदिनी

•

कसबा बावडा,
ता. १४ नोव्हेंबर १९५४

सौ. वहिनी,

तुमची चार कार्डं आणि दोन पाकिटं मिळाली. मी उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते.

पाडव्यानंतर मी अप्पांना सांगितलं, पण अर्धंच. म्हटलं, जुनी पाच मुळासकट जाळू, चाचांच्या परसातलं बेणं आणू आणि दर झाडाला चाकू उकळत्या पाण्यात बुडवून घेऊ. कुंड्यांचं बोलले नाही. मला वाटलं, बाग सुधारली की अप्पा आपल्या शब्दाप्रमाणे तुम्हांला आणतीलच. मग त्यांना चारचौघांत खाली बघायला कशाला लावायचं? माझंही नाव निघायला नको, हेही मनात होतं. अप्पांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

बाग सुधारली, वहिनी. पानं तळहाताएवढी आली. दिवाळीनंतर डेग लावली, एकतीस तोळे तेल निघालं. तिसऱ्या दिवशी निसारचाचांनी फाया हुंगला आणि अप्पांना मिठी मारली.

त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. अप्पा खूश होते. म्हणाले, "बघितलंत? वर्षभर तिचं पाऊल न्हाय तर पाच कशी वर आली."

दादाने भाकरी खाली ठेवली. "मग अप्पा, तिला आणायचं म्हणत होता..."

"आणून पुन्हा घालवायची? का गेलं आणि का आलं, हे आता डोळ्यांपुढं दिसतंय न्हवं?"

दादाने भाकरी पुन्हा उचलली.

म्हणजे मी बाग बरी केली आणि तोच तुमच्याविरुद्ध पुरावा झाला. तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलंही. धोंडी माझ्या मांडीवर होती. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा तिने त्यात भाताचा घास घातला, आणि सगळे हसले. मीही हसले.

तुम्ही विचारता, धोंडी तुमची आठवण काढते का. खरं सांगायचं तर नाही. साडेतीन वर्षांच्या पोराला वर्ष म्हणजे फार असतं. ती मला आई म्हणते. "आत्या म्हण," असं मी तिला सांगते. आधी दर वेळी सांगायची.

मला दोन स्थळं सांगून आली होती. अप्पांनी परतवली. म्हणाले, हिच्याशिवाय पोरीकडं कोण बघणार? मला वाईट वाटायला हवं होतं. फारसं वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

नंदिनी

•

कसबा बावडा,
ता. १९ जानेवारी १९५५

सौ. वहिनी,

परवा तुम्ही तुमच्या भावाला, हंबीररावांना, घेऊन आलात आणि फाटकातूनच परत गेलात. तुम्हांला तिथून सगळं दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

माझं मार्चातलं पत्र तुम्ही दादाच्या हातात दिलंत. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, तो आता फाटक उघडेल. वहिनी, त्या क्षणी तो नक्कीच उघडणार होता. त्याचा हात कडीवर होता. पण त्याने आधी माझ्याकडे वळून विचारलं, "नंदे, हे अक्षर तुझं?"

अप्पा पायरीवर उभे होते. तो कागद त्यांना तिथूनही दिसत होता. मला अक्षर त्यांनीच शिकवलं आहे. ते माझी एक ओळ दहा ओळींतून काढून दाखवतील.

धोंडीने माझ्या गुडघ्यांना मिठी मारली होती आणि तुमच्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "माझं नाही."

"मग काय आम्ही लिवलं व्हय?" हंबीरराव ओरडले. "बारा कुंड्या आन् कोंबडी आम्ही सपनात बघितली?"

"न्हाय म्हणती न्हवं पोरगी?" अप्पा म्हणाले. "मग न्हाय."

तुम्ही म्हणालात, "वन्सं, माझ्याकडं बघून सांगा की." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही फार वाळला आहात. मग मी तेच पुन्हा सांगितलं. दादाने कडीवरचा हात काढला.

तुम्ही गेल्यावर अप्पांनी ते पत्र दादाकडून घेतलं आणि डेगेखालच्या जाळात टाकलं. वाचलं नाही. मला म्हणाले, "चाकू उकळायचं तुझ्या डोक्यात कुठनं आलं, ते मी तवा विचारलं न्हवतं. आता बी विचारत न्हाय." म्हणजे ते पाडव्यापासूनच ओळखून होते. मग आत जाऊन त्यांनी पानसुपारी मागितली.

दादा त्या दिवशी जेवला नाही. काल जेवला.

धोंडी जरा वेळ रडली, ओरडण्याला भ्याली होती. मग तिने विचारलं, "कोण आलती?" तानाबाई झाडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी धोंडीला सांगितलं, "पावणी." तानाबाईने केरसुणी तिथेच टाकली आणि निघून गेली. ती अजून कामावर आलेली नाही.

निसारचाचांना आणि चाचींना तुम्ही साक्षीला आणाल, असं हंबीरराव जाताना म्हणाले. आणू नका. कालच मी शाहूपुरीला जाऊन आले. चाचींनी कुंड्यांतली झाडं उपटून जमिनीत लावली आहेत, आणि त्या म्हणाल्या, "तू न्हाय म्हणाली असशील तर आम्ही मास्तरांच्या घरात कशाला पडू?" चाचांना आपलं तेल हवं आहे.

मी जे केलं ते वाईट आहे हे मला कळतं. तुमच्याशी मला खोटं बोलवत नाही, म्हणून हे सगळं लिहून पाठवते. हेही माझ्याच अक्षरात आहे. ते घेऊन तुम्ही पुन्हा फाटकाशी आलात आणि दादाने पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा माझं नाही म्हणूनच सांगेन. गगनबावड्याहून गाडीचा हेलपाटा मोठा आहे. तुमचा फुकट जाऊ नये, म्हणून आधीच कळवते.

नंदिनी